मुळशीचे पाणी आणि मुंबईची वीज

टाटांनी घाटात धरणे बांधली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, एवढे आपण शाळेत शिकलो. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही तिन्ही वीजघरे कोकणात आहेत. त्यांची धरणे मात्र घाटमाथ्यावर, पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांवर. मुळशीला अडवलेली मुळा एरवी पुण्यावरून भीमेला मिळते आणि पंढरपूर-सोलापूरच्या दुष्काळी मुलखाकडे जाते. धरणाने तिचे पाणी बोगद्यातून भिऱ्याला आणि तेथून कुंडलिकेत नेले.

या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्यांचे पुढारी सेनापती बापट आपल्यासारखेच परदेशी शिकलेले. एडिंबरोला इंजिनिअरिंगसाठी गेले होते. लढा बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. बापट तुरुंगात गेले, धरण पूर्ण झाले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. सोलापूरकडचा शेतकरी मात्र या वादात पक्षकारच नव्हता. त्याच्या शेतात धरण येणार नव्हते, फक्त पाणी कमी येणार होते.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, तरी एक साधा हिशेब मांडतो. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली सोडले की सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. खेड्यांतील नळयोजनांचा आजचा सरकारी निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे तेच पाणी अठरा माणसांना एक दिवस पुरेल. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवण्यास वर्षाला सरासरी सुमारे साडेबेचाळीस अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घातली. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे!

जलविद्युतेला धूर नाही आणि मागणी वाढताच ती काही मिनिटांत सुरू होते, हे कोणताही इंजिनिअर मान्य करील. म्हणून ही वीजघरे बंद करा असे मी म्हणत नाही. पण वीज आता उन्हापासून आणि वाऱ्यापासूनही बनते. पिण्याच्या पाण्याला पर्याय नाही. दुष्काळाच्या वर्षी किती पाणी पूर्वेकडे सोडायचे आणि बुडालेल्या विजेची भरपाई कोणी द्यायची, हे पाऊस चांगला असतानाच लिहून ठरवले पाहिजे. आपल्यातील मुंबईकरांनी ती भरपाई वीजबिलातून देण्याची तयारी दाखवावी. शंभर वर्षे दिवे आपल्या घरांत लागले आहेत.