समुद्रापासून दूरचें समुद्रपुष्प

बालाघाटाच्या डोंगररांगेंत वसलेल्या अहमदपुराहून समुद्र शेंकडो मैल दूर आहे. येथील माणूस पाण्यासाठीं आभाळाकडे पाहतो. भरती-ओहोटी हे शब्द त्याला बहुधा पुस्तकांतच भेटतात. परंतु काचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांत समुद्रांतील जीव पाळण्याची हौस आतां किनाऱ्यापुरती राहिलेली नाहीं. रेल्वे, विमान आणि टपाल यांनीं ती अंतर्भागांतल्या शहरांतहि नेऊन पोंचविली आहे. या हौसेंतला सर्वांत मोहक आणि तितकाच फसवा जीव म्हणजे समुद्रपुष्प. तो घरीं आणण्यापूर्वीं त्याच्या पालनाचा सुमारें दोनशें वर्षांचा इतिहास जाणून घेणें उपयोगाचें आहे. कारण आज होणाऱ्या बहुतेक चुका या इतिहासांत एकदां होऊन गेल्या आहेत.

समुद्रपुष्प हें नांवाचेंच पुष्प. तो पोवळीं आणि जेलीफिश यांच्या कुळांतला प्राणी आहे. खालीं चिकटून राहणारा पाय, वर एकच मुख आणि त्या मुखाभोवतीं दंश करणाऱ्या पेशींनीं भरलेले संस्पर्शक, एवढाच त्याचा प्रपंच. अन्न त्याच मुखानें आंत जातें आणि टाकाऊ भाग त्याच मुखानें बाहेर येतो. इतक्या साध्या रचनेच्या प्राण्याला सांभाळणें सोपें असेल, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे, आणि नेमकी तीच घातक ठरते.

समुद्रांतले प्राणी समुद्रापासून दूर जगवितां येतात काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत मोठ्या जिद्दीनें सोडविला गेला. १८४६ मध्यें अ‍ॅना थिन या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळीं लंडनला आणलीं. पाणी नासूं नये म्हणून तें उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत वारंवार ओतण्याचें काम त्यांच्या घरीं चाले. पाण्यांत हवा मिसळली पाहिजे, हें तत्त्व अशा रीतीनें घरकामांतूनच हातीं आलें. पुढें १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती यांचा परस्परांना आधार कसा होतो, हें गोड्या पाण्यांतील प्रयोगानें मांडलें. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्याच्या पाठीशीं असलेला निसर्गवेत्ता फिलिप हेन्री गॉस यानें दुसऱ्याच वर्षीं मीठ आणि इतर क्षार मोजून घालून कृत्रिम समुद्रजल बनविण्याची कृति प्रसिद्ध केली. अहमदपुरासारख्या गांवीं आज कोणीं पुड्यांतलें क्षारमिश्रण पाण्यांत विरघळवीत असेल, तर तो नकळत गॉसचाच वारसा चालवीत असतो.

गॉसच्या पुस्तकांनीं इंग्लंडच्या सुखवस्तु घरांत समुद्रपुष्पांचें वेड पसरविलें. ड्रेस्डेनचा कारागीर लिओपोल्ड ब्लाश्का यानें त्याच चित्रांवरून १८६३ च्या सुमारास काचेचीं समुद्रपुष्पें घडविलीं. पण या वेडाची किंमत किनाऱ्यांनीं दिली. ओहोटीच्या वेळीं खडकांत उरणाऱ्या ज्या डबक्यांचें वर्णन गॉसनें रसाळपणें केलें, तीं डबकीं हौशी लोकांनीं ओरबाडून ओसाड केलीं. त्याचा पुत्र एडमंड गॉस यानें १९०७ च्या आत्मचरित्रांत या विध्वंसाची आणि त्याबद्दल पित्याला झालेल्या दुःखाची नोंद केली आहे. प्रेमापोटीं लिहिलेलें पुस्तक विनाशाला कारण होऊं शकतें, याचें हें एक जुनें उदाहरण होय.

याच काळांत एडिंबरो शहरीं मात्र एक निराळीच कथा घडत होती. सर जॉन डॅलियेल यांनीं १८२८ मध्यें नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रपुष्प आणून काचेच्या लहानशा भांड्यांत ठेविलें. ते त्यासाठीं समुद्राचें ताजें पाणी हमालाकडून नियमित आणवीत. खाद्य म्हणून मधून मधून शिंपल्यांतलें थोडें मांस देत. १८५१ मध्यें डॅलियेल वारले; समुद्रपुष्प मात्र जगलें. तें प्रोफेसर जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेलें, त्यांच्यामागून डॉ. जेम्स मॅकबेन यांच्याकडे, तेथून वनस्पतिउद्यानाचे जॉन सॅडलर यांच्याकडे आणि शेवटीं रॉबर्ट लिंडसे यांच्याकडे. लोक त्याला लाडानें 'ग्रॅनी' म्हणजे आजीबाई म्हणत. तिनें शेंकडों पिल्लें दिलीं, अनेक विद्वानांना दर्शन दिलें आणि १८८७ च्या ऑगस्टांत देह ठेविला. एकोणसाठ वर्षें ती मानवाच्या आश्रयाला होती, आणि या अवधींत तिचे चार पालक तिच्याआधीं निघून गेले. तिला विजेचा दिवा नव्हता, पंप नव्हता; होतें तें स्वच्छ पाणी, बेताचें अन्न आणि कोणी ना कोणी लक्ष देणारा.

मग आजच्या पालकाला दिव्याची एवढी गरज कां पडावी? याचें उत्तर शोधणाऱ्यांपैकीं एकाचा मुंबईशीं पुढें निकटचा संबंध आला. पॅट्रिक गेडिस हे नांव महाराष्ट्राला नगररचनाकार आणि मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून परिचित आहे; १९१९ ते १९२४ पर्यंत ते तेथें होते. परंतु तारुण्यांत ते जीवशास्त्राचे अभ्यासक होते. १८८१ मध्यें कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें अशा प्राण्यांच्या शरीरांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांना नांव दिलें, आणि १८८२ मध्यें गेडिस यांनीं दाखवून दिलें कीं, अशीं शैवलें असलेलें समुद्रपुष्प उन्हांत ठेविलें असतां प्राणवायु बाहेर टाकतें. म्हणजे प्राणी आणि वनस्पति तेथें एकाच घरांत संसार करितात. शैवल उजेडावर अन्न तयार करितें आणि त्यांतला वांटा यजमानाला देतें. आजीबाईच्या जातींत हें शैवल नसतें, म्हणून तिला उजेडाची फिकीर नव्हती. दुकानांत मिळणारीं उष्ण समुद्रांतलीं मोठीं समुद्रपुष्पें, ज्यांत विदूषक मासा ऐटीनें लपतो, तीं मात्र बव्हंशीं या शैवलावर जगतात. त्यांना अंधारांत ठेवणें म्हणजे हळूहळू उपाशी मारणें होय.

मराठी मुलखांत समुद्रजीव पाहण्याची सोय १९५१ मध्यें मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यावर सामान्य जनांना झाली. शास्त्रीय अंगानें पाहतां, डॉ. अरुण परुळेकर यांनीं १९६८ मध्यें मुंबईच्या समुद्रपुष्पांवर लेख प्रसिद्ध केला. हेच गृहस्थ पुढें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत राहून अंटार्क्टिकाच्या मोहिमेचे नेते झाले. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या मंडळीनें नागरिकांना ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर नेऊन खडकांतले जीव दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. न तोडतां, न उचलतां पाहणें, हा त्यांतला पाठ गॉसच्या वाचकांना मिळाला असता तर बरें झालें असतें.

आतां निवडीचा विचार. निरोगी समुद्रपुष्पाचा पाय कांचेला किंवा दगडाला घट्ट धरलेला असतो; पाय फाटलेला असेल तर तें घेऊं नये, कारण ती जखम क्वचितच भरते. मुख मिटलेलें असावें. तें सैल पडून आंतील भाग बाहेर आलेला दिसला तर अंत जवळ आहे असें समजावें. संस्पर्शक भरदार व चिकट असावेत. पांढरें शुभ्र समुद्रपुष्प दिसावयास सुंदर असतें, पण तो शुभ्रपणा बहुधा शैवल निघून गेल्याची खूण असते. भडक पिंवळ्या किंवा जांभळ्या रंगाविषयीं संशय धरावा. तो कित्येकदां चढविलेला असतो. आणि शक्य तेथें समुद्रांतून काढलेल्यापेक्षां पेटींतच विभागून वाढविलेलें समुद्रपुष्प घ्यावें.

पेटी नवी असतां तें आणूं नये. निदान सहा महिने ती स्थिर होऊं द्यावी, म्हणजे मैला पचविणारे जंतु तींत पुरेसे वाढतात. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आणि उष्णता २४ ते २७ अंश असावी. पाणी उडून जातें तें गोडें; क्षार मागें राहतात, म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. समुद्रपुष्प जागा आवडली नाहीं तर चालूं लागतें, यास्तव पंपाचें तोंड जाळीनें झांकावें. ताम्रयुक्त औषध पेटींत घालूं नये. आठवड्यांतून एकदोनदां कोळंबीचा लहान तुकडा पुरे. अधिक दिलें तर तें नासतें. आणि समुद्रपुष्प मेलें तर तत्काळ काढावें, नाहींतर तें सबंध पेटी विषारी करितें.

अहमदपुरासारख्या ठिकाणीं या नियमांना आणखी दोन अडचणी येऊन मिळतात. उन्हाळ्यांत तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो; तेव्हां पाणी थंड ठेवणारें यंत्र लागतें, आणि वीज गेली कीं तें थांबतें. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कूपनलिकेचें जड पाणी चालत नाहीं, तें आर. ओ. यंत्रानें शुद्ध करावें लागतें, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागें दोन-तीन लिटर सहज वाहून जातें. याच लातूर जिल्ह्याच्या मुख्य शहराला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; पहिल्या गाडींत पांच लाख लिटर पाणी होतें. अशा मुलखांत काचेंत समुद्र मांडणाऱ्यानें तें वाहून जाणारें पाणी भांडीं घासण्यास किंवा फरशी धुण्यास सांठवावें, हें सांगावयास नको. आणि ज्याला तेवढीहि सोय नाहीं, त्यानें ही हौस पुढें ढकलावी, यांत कमीपणा नाहीं.

समुद्रपुष्प विकत घेणाऱ्यानें शेवटीं एकच हिशेब मांडावा. चांगलें राखलें तर तें दोन-चार महिन्यांचें खेळणें नव्हे. तें घरांतल्या मुलांच्या हातीं वारशानें जाऊं शकतें. एडिंबरोच्या आजीबाईला पांच पालक मिळाले, म्हणून ती जगली. आपल्यामागून आपल्या समुद्रपुष्पाचें पाणी कोण बदलील, या प्रश्नाचें उत्तर ज्या घरांत आहे, तेथेंच त्याला आणावें. इतरांसाठीं कोंकणचा किनारा, ओहोटीची वेळ आणि दोन डोळे पुरेसे आहेत.