साथ कुठल्या महिन्यात आली?



२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झालं. शहरातल्या माणसाला हा नुसता योगायोग वाटेल. आमच्या माण-खटावच्या पट्ट्यात पाडवा म्हणजे जत्रांच्या हंगामाचं तोंड. शाळू मळून झालेला, गहू-हरभरा घरात आलेला, मृगाला अजून अडीच महिने. वर्षभरात अंगाला मोकळीक मिळते ती एवढीच. म्हणून तर चैत्रात शिखर शिंगणापूर, जोतिबा आणि मग गावोगावच्या भैरवनाथाच्या, सिद्धनाथाच्या जत्रा लागतात. कोरोना नेमका या सवडीवर येऊन बसला.

साथीचा इतिहास सांगताना लोक मेलेल्यांचा आकडा सांगतात, तो सांगायलाच पाहिजे. पण आपण शेतकरी माणसांनी आणखी एक विचारावं: साथ शेतीच्या कुठल्या महिन्यात आली?

आधी प्लेग बघा. १८९६ च्या सप्टेंबरात तो मुंबईत सापडला आणि पुढं कित्येक वर्षं आपल्या गावांतून फिरत राहिला. पिसवा उंदरावर, उंदीर धान्यावर, म्हणजे साथीचं मूळ आपल्याच कणगीपाशी. घरात उंदीर पडायला लागले की लोक काय ते समजायचे. बोचकी बांधायची आणि रानात जायचं. माळावर, मळ्यात कडब्याच्या झोपड्या पडायच्या, गावाला कुलूप. उन्हाचा कडाका वाढला की पिसवा टिकत नसत, साथ ओसरायची आणि माणसं घरी परतायची. म्हणजे चैत्र बऱ्याचदा हाताला लागायचा. माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगायचे, की झोपड्यांच्या दिवसांत मोठी माणसं भेदरलेली असायची आणि पोरांची मात्र चैन. शाळा नाही, दिवसभर रान, रात्री चांदण्यात भजन.

तेव्हाच सरकारनं साथरोगांचा कायदा केला, १८९७ चा. जत्रा, आगगाडी, माणसांची ये-जा, सगळ्यावर हुकूम चालवायचा अधिकार त्यानं दिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला तो हाच कायदा. सव्वाशे वर्षांत आपण नवा लिहिला नाही, असो.

एक गोष्ट मला विशेष वाटते. प्लेग पुरता गेलेला नव्हता, त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं. १९१२ साली ते खुलं झालं. साथ चालू होती आणि लाल मातीही घुमत होती.

मग आली मानमोडी. बाहेरचं जग तिला स्पॅनिश फ्लू म्हणतं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. त्या साली पावसानंही दगा दिलेला. आता महिना बघा: बाजरी काढणीला आलेली, शाळूची पेरणी तोंडावर, दसरा-दिवाळीचे दिवस. ज्या पंधरवड्यात घरातलं पोरसुद्धा रानात लागतं, त्या पंधरवड्यात घरंच्या घरं अंथरुणावर. जे काय थोडं पिकलं होतं ते काढायला हात नव्हते, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. जगात सगळीकडं या तापानं वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त ओढली. औत धरणारी, मोट हाकणारी, तालमीत घुमणारी. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ ला सुमारे २ कोटी १५ लाख माणसं होती, १९२१ ला २ कोटी ८ लाख. दहा वर्षांत वाढायची सोडून घटली. त्यात प्लेग आणि दुष्काळही आले, पण मोठा घास मानमोडीचा. जुनी माणसं आपलं वय 'मानमोडीच्या साली मी रांगत होतो' असं सांगायची, ती उगाच नाही.

आता पुन्हा २०२० वर येतो. शेतीच्या कामाला लॉकडाऊनमधून सूट होती. राबायला मोकळीक, जत्रेला बंदी. बंदी बरोबरच होती, २०२१ चा एप्रिल ज्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात काढला त्यांना ते सांगायला नको. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांना आमच्याकडं मळ्यातल्या शेडात चौदा दिवस ठेवलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, हे तर प्लेगासारखंच. शहरातली पोरं त्या उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकली, पांगाऱ्याचं लाकूड पाठीला बांधून. ती जमा बाजूच आहे.

पण जत्रा नाही म्हणजे काय काय नाही, याचा हिशोब कुणी मांडला नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची माणसं येऊन सुपारी ठरवतात. लागोपाठ दोन चैत्र गेले आणि कित्येक कलावंत रोजानं रानात कामाला आले. हलगीवाला, पाळणेवाला, रेवड्या-बत्ताशेवाला, घुंगूरमाळा आणि कासरे विकणारा, सगळ्यांचं वर्ष त्या दोन महिन्यांवर. बैलगाडीवाल्यांच्या शर्यती तर आधीपासूनच कोर्टात अडकलेल्या, त्या डिसेंबर २०२१ ला सुटल्या. 'जत्रा म्हणजे उधळपट्टी, बंद झाली ते बरं,' असं म्हणणारे आमच्याकडंही निघाले. मला ते पटत नाही. जत्रेत खिलार खोंड बघून पारखता येतं, सोयरिकी जमतात, आणि पैलवानाची खुराक जत्रेच्या इनामावर चालते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराची दोन वर्षं म्हणजे निम्मी कुस्ती. आमच्या तालमीतली माती दोन उन्हाळे कुणी खणली नाही. ताक-तेल न मिळालेली माती किती घट्ट होते ते तुम्हाला सांगायला नको, पहारीनं फोडावी लागली.

१ एप्रिल २०२२ ला निर्बंध उठले, दुसऱ्याच दिवशी पाडवा. जानेवारी २०२० नंतर थांबलेली महाराष्ट्र केसरी त्याच एप्रिलमध्ये आमच्या साताऱ्यात झाली. गावच्या मैदानात रेवड्यांच्या कुस्त्यांना पोरांची झुंबड, शेवटच्या इनामाला बाहेरचे नामांकित मल्ल. मधल्या इनामांना मात्र जोड लावताना पंचांची दमछाक झाली. त्या वयाची आमची दोन पोरं पुण्याला कंपनीत लागली होती, एक टेम्पोवर. आणि सप्टेंबरात लंपी आली, मग बैलांचे बाजार बंद.