इंधनाचा अधिभार

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉकचा घाट मालगाडी चढते, तेव्हा तिला मागून जादा इंजिने लावावी लागतात. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. तेथे चढाचा खर्च कोणासही डोळ्यांनी दिसतो. विमानाच्या तिकिटावरील खर्च मात्र असा दिसत नाही.

आरंभी तोही दिसत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस निघाले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस त्यांच्या विमानाचे पेट्रोल चक्क बैलगाडीतून आले! पुढे १९५३ च्या कायद्याने विमानवाहतूक सरकारी महामंडळांकडे गेली; १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांस वाट मोकळी झाली.

मग आला अधिभार. २००८ च्या मे महिन्यात विमान कंपन्यांनी मालावर किलोमागे पाच रुपये इंधन अधिभार बसविला. त्या वर्षी जुलैत खनिज तेल पिंपास १४७ डॉलरवर गेले होते, तेव्हा तक्रारीस जागा नव्हती. परंतु डिसेंबरात तेच तेल चाळीस डॉलरच्या खाली आले. अधिभार काही त्या मानाने उतरला नाही. माल पाठविणाऱ्यांच्या संघटनेने स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये आयोगाने जेट एअरवेज, इंडिगो व स्पाइसजेट या तिघांस मिळून सुमारे २५८ कोटी रुपये दंड केला. अपिलात तो निर्णय रद्द होऊन प्रकरण परत आले. २०१८ मध्ये दंड सुमारे ५४ कोटींवर आला. चढताना शिडी आणि उतरताना गोगलगाय, असा हा अधिभाराचा स्वभाव!

जोयड्यात विमानतळ नाही. येथील माणूस दाबोळी, हुबळी किंवा बेळगाव गाठतो. यांपैकी हुबळी व बेळगाव ‘उडान’ योजनेत आली. त्या योजनेत तासाभराच्या प्रवासाच्या काही जागांस सुमारे २५०० रुपयांची मर्यादा ठरली. उरलेला खर्च कोण भरतो? मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेली पट्टी, आणि राज्याचा वीस टक्के वाटा. शिवाय अशा विमानतळांवर भरलेल्या इंधनावर राज्याने एक टक्क्याहून अधिक कर घ्यावयाचा नाही, अशी अट आहे. म्हणजे हुबळीच्या स्वस्त तिकिटाचा काही भाग मुंबई-दिल्लीचा प्रवासी देतो, आणि काही भाग काळी नदीकाठचा, विमानात कधीही न बसलेला शेतकरी.