कचोरीवाल्याची उधारी

मोगल काळाच्या इतिहासग्रंथांत १६११ हे वर्ष बहुधा एका विवाहासाठी नमूद झालेले असते. त्या वर्षीच्या मे महिन्यात जहांगीर बादशहाने मेहेरुन्निसेशी, म्हणजे पुढे नूरजहान या नावाने प्रसिद्धीस आलेल्या स्त्रीशी, लग्न केले. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज व्यापारीही त्या सुमारास आग्र्यातच होता. बादशहाने त्याला चारशेची मनसब दिली होती, आणि सुरतेस वखार घालण्याची परवानगी मिळावी म्हणून तो दरबारात खेटे घालीत होता. त्या वर्षाचा वृत्तान्त हवा असेल, तर बादशहाने स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत आणि हॉकिन्सनेही आपली हकीकत लिहून ठेवलेली आहे. तख्ताजवळ काय घडत होते, हे त्यावरून पुष्कळ कळते.

त्याच सुमारास त्याच शहरात एक तरुण श्रीमाळ जैन व्यापारी बहुतेक दिवस घरात बसून काढीत होता. बाजारात जाण्याचे त्याने टाळले होते, कारण बाजारात जाऊन करावयाचे असे त्याच्यापाशी काही उरलेले नव्हते. त्याचे नाव बनारसीदास. वय चोविशी-पंचविशीचे. पुढे सुमारे ३० वर्षांनी, १६४१ साली, शहाजहानच्या कारकीर्दीत त्याने आग्र्यातच बसून आपले चरित्र पद्यात लिहिले. दोहे आणि चौपाया मिळून ते ६७५ पद्यांचे आहे. मनुष्याचे पुरते आयुष्य ११० वर्षांचे धरून आणि आपली ५५ वर्षे झाली असा हिशेब करून त्याने ग्रंथास ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. नावातही हिशेब आहे. व्यापाऱ्याच्या हातून दुसरे काय व्हावयाचे! हा ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितांतच राहिला. १९४३ साली नाथूराम प्रेमी यांनी तो मुंबईहून छापून प्रसिद्ध केला. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

बनारसीदासाचे घराणे जौनपूरचे. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा धंदा करीत. मुलाला मात्र लहानपणापासून पोथ्यांचा नाद. चौदाव्या वर्षी त्याने पंडिताकडे कोश, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास केला. पंधराव्या वर्षी शृंगाराच्या नादी लागून घरातली माणके चोरली. हे दोन्ही त्याने सारख्याच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. वडील मंडळींनी त्याला समजावले, की फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे, अधिक वाचील तो भीक मागेल. त्याने हा उपदेश ऐकला नाही. आणि ऐकला नाही, हेही नोंदवून ठेवले.

संवत १६६७ मध्ये, म्हणजे १६१०च्या सुमारास, खरगसेनाने हा मुलगा आता कर्ता व्हावा म्हणून त्याच्या स्वाधीन माल केला आणि त्यास आग्र्यास धाडले. मालाची यादी ग्रंथात आहे. निरनिराळी रत्ने, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड. यातील काही भांडवल कर्जाऊ होते. गाड्या भरून, इतर व्यापाऱ्यांच्या सोबतीने तो निघाला. इटाव्याजवळ रात्री मोठा पाऊस लागला. सराई भरलेली, गावात कोणी दार उघडीना. एका ठिकाणी घरातील बाई या म्हणाली, तर तिचा नवरा बांबू घेऊन अंगावर आला. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत गवतावर जागा मिळाली. तेथेही झोपडीवर हक्क सांगणारा एक माणूस आला. पण त्याला दया आली आणि त्याने या मंडळींस आपल्या खाटेखाली निजू दिले. वर तो, खाली हे. बादशाही रस्त्यांची आणि सरायांची वर्णने परदेशी प्रवाशांनी पुष्कळ केली आहेत. परंतु भर पावसात कोणी कोणाला आत घेत असे आणि कोणत्या अटीवर, हे समजावयाचे तर या खाटेखालीच यावे लागते.

आग्र्यात तो प्रथम मोतीकटऱ्यात आपल्या मेहुण्याच्या आश्रयाने राहिला. कापड, तूप आणि तेल विकले गेले, पण नफा असा हाती लागला नाही. रत्नांचे तर हसू यावे असे झाले. काही खडे त्याने इजारीच्या नाडीत बांधले होते. ते गळून गेले. काही बांधून ठेवले ते उंदरांनी पळविले. नंतर तापाचे दुखणे आले. हळूहळू घरातील चीजवस्तूही विकून झाली. जौनपुरास ही वार्ता पोहोचली, तेव्हा बापाने कपाळावर हात मारून घेतला असेल, यात नवल नाही.

येथवरची हकीकत कोणत्याही बुडालेल्या व्यापाऱ्याची असू शकेल. पुढील सहा-सात महिने मात्र खास बनारसीदासाचे आहेत. त्याच्यापाशी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या दोन प्रेमकथांच्या पोथ्या होत्या. दोन्ही काव्ये सोळाव्या शतकातील; ‘मृगावती’ कुतुबनची, ‘मधुमालती’ मंझनची. म्हणजे सूफी पंथाच्या मुसलमान कवींनी अवधीत रचिलेली ही काव्ये. रात्र झाली की जैन वाणी ती वाचावयास बसे. ऐकावयास दहा-वीस माणसे जमत. वाचन होई, गाणे होई, गप्पा होत, आणि मंडळी उठताना त्याला आशीर्वाद देऊन जात. दिवाबत्तीचा खर्च कोण करीत असे, हे त्या हिशेबी माणसाने सांगितलेले नाही. एरवी दोन-चार रुपयांचा नफातोटाही तो टिपून ठेवतो. या बैठकींचा जमाखर्च त्याला सुचलाच नाही.

श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. तो नित्य कथा ऐकावयास येई. बनारसीदास त्याच्या दुकानातून रोज शेरभर कचोरी उधार आणू लागला. सकाळ-संध्याकाळ तेच जेवण. जैनांच्या सोवळ्याला चालण्यासारखे ते शुद्ध अन्न असल्याचे त्याने आवर्जून नोंदविले आहे. दिवाळे निघाले तरी आचार सुटलेला नव्हता. कधी तो दुकानात जाऊन खाई, कधी बिऱ्हाडी आणून. आपली अवस्था मात्र त्याने कोणास सांगितली नाही.

असे काही दिवस गेल्यावर मनाला टोचणी लागली. एके दिवशी एकान्त पाहून त्याने कचोरीवाल्यास खरे काय ते सांगितले. तुम्ही मला पुष्कळ उधार दिले, यापुढे देऊ नका. माझ्यापाशी काही नाही, तुम्ही पैसे घेणार कोठून? कचोरीवाल्याने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, वाटेल तेथे जा-या.

या वीस रुपयांची किंमत त्या काळच्या मानाने लक्षात घेतली पाहिजे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मजुरांचे दर दिलेले आहेत. साध्या बिगाऱ्याला दिवसाला दोन दाम मिळत, आणि चाळीस दामांचा एक रुपया होई. म्हणजे वीस रुपये ही चारशे दिवसांची मजुरी झाली. ‘आईन’चे दर या प्रसंगाच्या काही वर्षे आधीचे असले, तरी प्रमाण फारसे बदलत नाही. कढईपुढे बसणाऱ्या एका दुकानदाराने, वर्षभराच्या मजुरीहून अधिक अशी पत, दिवाळे काढलेल्या परगावच्या तरुणाला दिली. तारण काहीच नव्हते. त्याने इतके दिवस ऐकलेल्या कथा, एवढीच काय ती ओळख. त्या काळच्या आग्र्यातील व्यापार हुंडीवर आणि भागीदारीवर चाले. हुंडीमागे पेढी असे, भागीदारीमागे जात आणि नाते असे. येथे यांपैकी काहीही नव्हते. बनारसीदासाला हे कळत होते, म्हणूनच हा साधा संवाद त्याने ३० वर्षे जपून ठेवला. कचोरीवाल्याचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. याचे वाईट वाटते. कारण ज्यांनी त्याला बुडविले आणि ज्यांच्यामुळे त्रास झाला, अशा काहींची नावे ग्रंथात आहेत.

श्रोत्यांपैकीच ताराचंद तांबी नावाच्या नातलगाने अखेर त्याला तेथून उचलले आणि सामानासह आपल्या घरी नेले. पुढे तो भागीदारीत शिरला आणि हाती पैसा खेळू लागला, तेव्हा कचोरीवाल्याचा हिशेब झाला. सहा-सात महिन्यांच्या कचोऱ्यांचे एकूण १४ रुपये निघाले. वीसची मर्यादा गाठलीच नव्हती! ते त्याने चुकते केले.

मराठी माणसाला हे वाचताना आणखी एका वाण्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. बनारसीदासाच्याच काळात इंद्रायणीकाठी तुकोबांचे दुकान बसले, १६३०च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले, आणि परंपरा सांगते की त्यांनी देणेकऱ्यांची खते नदीत बुडवून टाकली. बनारसीदासानेही नदीत काही बुडविले होते. शृंगारावर रचलेली आपली हजार पद्यांची पोथी त्याने एके दिवशी मित्रांच्या देखत पुलावरून गोमतीत टाकली. मित्र हाय हाय करीत राहिले. तुलना यापुढे ताणू नये. तुकोबा दुकानातून उठले ते परत बसले नाहीत. बनारसीदास पुन्हा पुन्हा दुकानात जाऊन बसला, पुन्हा पुन्हा बुडाला आणि तरीही वाणीच राहिला. तो पुढे अध्यात्माकडे वळला, १६३६ साली त्याने ‘समयसार नाटक’ हा तत्त्वज्ञानपर ग्रंथ रचिला. पण त्याची वही काही मिटली नाही.

त्याच्या वहीत उधारीची आणखी एक नोंद आहे. आग्र्यातील व्यवहार आटोपून रिकाम्या हाताने तो खैराबादेस सासुरवाडीला गेला. पत्नीने त्याच्याकडून खरे काढून घेतले आणि स्वतःजवळ साठवलेले वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. मग तिने आपल्या आईला विश्वासात घेतले. सासूने कोणास न कळू देता दोनशे रुपये दिले. त्या बळावर तो पुन्हा कापड घेऊन आग्र्यास आला. ही पत्नी फार काळ जगली नाही. ती बाळंतपणात गेल्याचे आणि तिच्या धाकट्या बहिणीशी त्याची सोयरीक ठरल्याचे, असे दोन्ही निरोप त्याला एकाच वेळी मिळाले.

राज्यात काय चालले आहे, याची जाणीव या माणसाला नव्हती असे नाही. १६०५ साली अकबर बादशहा वारल्याची बातमी जौनपुरास आली, तेव्हा तो जिन्यावर बसलेला होता. बातमी ऐकताच तोल जाऊन पडला आणि कपाळ फुटले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. गावात एकच धांदल उडाली, दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरले आणि श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, की शाहजादा सलीम तख्तावर बसला आहे, आणि बाजार पुन्हा उघडले. त्याहीपूर्वी, १५९८ साली, जौनपूरच्या नवाबाने शहरातील जवाहिऱ्यांना पकडून फटके मारले होते आणि खरगसेनासह ती मंडळी गाव सोडून पळाली होती. सत्ता त्याच्या आयुष्यात शिरली ती अशी, जखमेच्या किंवा पळापळीच्या रूपाने. ज्या वर्षात सत्तेचा संबंध आला नाही, ते आग्र्याचे वर्ष त्याला दोन पोथ्यांसाठी आणि शेरभर कचोरीसाठी आठवले. इतिहासकारांना ते वर्ष नूरजहानचे वाटावे आणि त्याला कचोरीवाल्याचे, यात कोणाचीच चूक नाही; परंतु कचोरीवाल्याची बाजू मांडणारा साक्षीदार हा एवढाच मिळतो.

ग्रंथाच्या शेवटी बनारसीदासाने आपल्या गुणदोषांचा ताळेबंद मांडला आहे. भाषा येतात, क्षमाशील आहे, बोलणे गोड आहे, हे गुण. दोषांची बाजू त्याने अधिक मन लावून लिहिली आहे. थोडा लाभ झाला की फार हुरळतो, थोडी हानी झाली की खचतो. थट्टामस्करीची आवड सुटत नाही, सभेत बसला की न घडलेली गोष्टही रंगवून सांगतो. आणि एकान्त मिळाला की नाचू लागतो. हे लिहिले तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. त्याची तीन लग्ने झाली होती. नऊ मुले झाली, त्यांतले एकही उरले नव्हते. घरात तो आणि त्याची पत्नी, अशी दोनच माणसे होती.