श्रवणाची परंपरा आणि विद्यापीठीय अध्यापन



'पॉडकास्ट' हे नाव फार जुने नाही. बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने ते २००४ साली 'गार्डियन' दैनिकातील एका लेखात सुचविले. हवे तेव्हा आणि हवे तितक्या वेळा ऐकता यावे असे ध्वनिमुद्रित भाषण, एवढाच त्याचा साधा अर्थ. नाव नवे असले, तरी ऐकून शिकण्याची वाट आपल्या समाजाच्या पायाखालची आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्यांनाही तेथे ज्ञानाचे दार उघडले.

व्याख्यानाला सभागृहाच्या भिंतींची मर्यादा होती. ती नभोवाणीने ओलांडली. मालवा हाऊसमधील आकाशवाणीचे इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. हे शहर तेव्हा मध्यभारत राज्यात होते. वक्त्याचा आवाज घरोघर पोहोचला. परंतु ठरल्या वेळी श्रोता जागेवर नसला, की तो हवेत विरून जाई. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने छापील पाठांच्या जोडीला ध्वनिफिती दिल्या आणि पुनःश्रवणाची सोय विद्यार्थ्याच्या हाती आली. पुणे विद्यापीठाने २००५ साली 'विद्यावाणी' हे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. नभोवाणीचा पल्ला आणि ध्वनिफितीचे पुनःश्रवण हे दोन्ही गुण पॉडकास्टमध्ये एकत्र आले आहेत.

इंदूरच्या मराठी माणसाला या साधनाचे महत्त्व विशेष आहे. 'जग' हा शब्द घ्या. विश्व या अर्थाचा 'जग' आणि जगण्याची आज्ञा देणारा 'जग' लिहिण्यात सारखेच. 'ज'चा उच्चार मात्र वेगळा. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च'चेही तसेच. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. तो कानांनीच शिकावा लागतो. हिंदीच्या सहवासात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या जिभेवरून तो हळूहळू पुसला जातो. मराठीचे अध्यापन करताना मला हे वारंवार जाणवले. ओवीचा अर्थ विद्यार्थी टीपांवरून लिहीत. तिची लय मात्र मोठ्याने वाचल्याखेरीज त्यांना उमगत नसे. छापील पुस्तकाची ही उणीव ध्वनिमुद्रण भरून काढू शकते.

तथापि ध्वनिमुद्रित आवाज आपली शंका ऐकून घेत नाही. लघुगुरूंची मांडणीही फळ्यावरच नीट समजते. म्हणून विवेचन घरी ऐकावे आणि वर्गाचा वेळ प्रश्नोत्तरांना द्यावा, हे मला योग्य वाटते. शिक्षकाची जागा त्यामुळे जात नाही. उलट त्याची जबाबदारी वाढते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. स्वच्छ मराठी बोलणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडून अभंग, ओव्या आणि उत्तम गद्य वाचवून घ्या. प्रत्येक मुद्रण दहा-पंधरा मिनिटांचे असावे. वाचकाचे नाव, दिनांक आणि वाचलेल्या मजकुराची नोंद त्यासोबत ठेवावी. ग्रंथ पुन्हा छापता येतो. गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही. हे काम याच वर्षी हाती घ्यावे.