दृक्प्रत्यय, डोह आणि काळिमा

१८७४ साली पॅरिसमध्ये नादारच्या स्टुडिओत भरलेल्या प्रदर्शनाचा लुई लरुआने उपहास केला आणि मोनेच्या एका शीर्षकातून ‘इंप्रेशनिस्ट’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत तिचे दोन संसार झाले. चित्रचर्चेत ती ‘दृक्प्रत्ययवाद’ झाली, साहित्यसमीक्षेत ‘संस्कारवाद’. पहिल्या शब्दात डोळा आहे, दुसऱ्यात मन. ही फाळणी निरुपद्रवी नाही; निसर्गचित्रातील शांतता दृश्याची की पाहणाऱ्याची, हा प्रश्नच तिने दडपला.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्याबाबतीत हे विशेष घडले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले ती शिस्त पुतळ्यांवरून काटेकोर रेखन करण्याची होती. कोल्हापुरास परतल्यावर कोटितीर्थ, रंकाळा यांसारख्या जलाशयांचा परिसर त्यांनी रंगविला आणि त्यात प्रकाशाचा वेध घेणारा मोकळा कुंचला आला. पण चर्चा होते ती एका आख्यायिकेची: १९२२ साली शाहू महाराज निवर्तले तेव्हा त्यांनी चित्रे पाण्यात सोडली, अशी. शांत तळे म्हणजे विरक्त मन, हे समीकरण एकदा जमले की चित्राकडे पाहण्याची गरज उरत नाही. मोनेच्या आर्जंत्वीत (१८७१–७८) शिडांच्या होड्यांमागे कारखान्यांची धुराडी आहेत; आबालालांच्या हयातीत १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ आहेत. चित्रात काय आले याइतकेच काय गाळले गेले, हाही इतिहासच.

बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’लाही ‘शब्दचित्र’ म्हणून याच खात्यात टाकले जाते. ते तपासून पाहावे. आठ ओळींच्या या कवितेत झरा, शेते, पायवाट यांना आपापला ठरलेला रंग आहे. प्रकाश बदलला म्हणून तो ढळत नाही. पॅरिसच्या मंडळींनी नेमके हेच नाकारले होते. रंग वस्तूचा नसून त्या क्षणीच्या प्रकाशाचा, ही त्यांची भूमिका. छायेतला काळा त्यांनी पॅलेटवरून जवळजवळ हद्दपार करून तेथे जांभळा-निळा आणला. बालकवी मात्र डोहावर काळिमाच पसरतात, त्याला गोडवा देतात आणि त्या पाण्यात पाय सोडून झाडाला बसवतात. दृक्प्रत्ययवादी चित्रकाराला हे झाड रंगविता आले असते. बसविता आले नसते.