भाड्याच्या घराची जाहिरात : मुंबईतील ‘टू लेट’ पाटीचा सामाजिक इतिहास

सारांश

घरमालकाने भाडेकरू मिळविण्यासाठी आपल्या जागेची जाहिरात कोठे करावी, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यावहारिक वाटतो. तथापि मुंबई शहराच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे. प्रस्तुत निबंधात चाळीतील तोंडी निरोप, इमारतीवरील पाटी, वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती, दलाल आणि संगणकीय संकेतस्थळे या माध्यमांचा कालक्रमाने विचार केला आहे. जाहिरातीची जागा ही मालकाच्या सोयीपेक्षा भाडेविषयक कायद्याने आणि परक्या माणसाविषयीच्या विश्वासाने अधिक ठरली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : भाडेनियंत्रण, चाळ, पागडी, छोट्या जाहिराती, दलाल, लीव्ह अँड लायसन्स, सामाजिक भेदभाव.

प्रस्तावना

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु मुंबईसारख्या शहरात आलेल्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला घर बांधणे नव्हे, तर घर शोधणे आले. नगरांच्या इतिहासलेखनात गिरण्या, बंदरे, संप आणि चळवळी यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र शहरात नव्याने आलेल्या माणसाला रिकामी खोली कोठे आहे हे कसे कळत असे, या साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. रिकाम्या जागेची माहिती सर्वांना खुली असेल तर परक्याला शहरात प्रवेश मिळतो; ती मोजक्या लोकांपुरती राहिली तर ओळख हेच भांडवल ठरते. म्हणूनच जाहिरात कोठे लावली जात होती, हा प्रश्न शहरात कोणाला सामावून घेतले जात होते याच्याशी निगडित आहे.

१. चाळीतील तोंडी व्यवहार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांची वाढ झाली आणि कोकण, देश व उत्तर हिंदुस्थानातून कामगारांचा ओघ मुंबईकडे वळला. या कामगारांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी छापील जाहिरातीला अर्थ नव्हता. रिकाम्या खोलीची वार्ता गावकरी, नातलग, गिरणीतील मुकादम आणि चाळमालकाच्या वतीने भाडे गोळा करणारा भय्या किंवा मेहता यांच्यामार्फत फिरत असे. मुकादम हा काम, उसनवारी आणि प्रसंगी खोली या तिन्ही गोष्टी मिळवून देणारा दुवा होता. कोकणातील अनेक गावांच्या मंडळींनी मुंबईत सामाईक खोल्या घेतल्या होत्या. गोव्यातील ख्रिस्ती समाजाचे ‘कुड’ धोबीतलाव व माझगाव परिसरात याच तत्त्वावर उभे राहिले. बोटीवर नोकरीस जाणारा गोवेकर आपल्या गावाच्या कुडात उतरत असे.

या व्यवस्थेत मालकाला जाहिरातीचा खर्च नव्हता आणि भाडेकरूच्या वर्तनाची हमी देणारा मध्यस्थही आयता मिळत होता. परंतु ज्याला गाव, जात किंवा मुकादम यांचा आधार नव्हता, त्याला खोली मिळणे दुरापास्त होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडण्याच्या कामामुळे अनेक कुटुंबे बेघर झाली आणि उरलेल्या चाळींतील खोल्यांची मागणी वाढली. अशा स्थितीत रिकामी खोली जाहीर होण्यापूर्वीच भरली जाणे स्वाभाविक होते.

मध्यमवर्गीय जातिसमूहांनी या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. समाजाच्या आत घरांची वाटणी करण्याची ही पद्धत पुढे शहरात रूढ झाली. यात सहकाराचे तत्त्व होते, तसेच शेजार आपल्याच माणसांचा असावा ही अपेक्षाही होती.

२. पाटीचा काळ

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढल्याने मुंबई सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा केला. युद्धकालीन निर्बंध १९२० च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपले. याच सुमारास, १९२० मध्ये, स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. या बी.डी.डी. चाळींतील अनेक खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या. गिरणीपासूनचे अंतर, भाडे आणि सोयींचा अभाव यांमुळे कामगार तेथे जाण्यास उत्सुक नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग करण्यात आला. सरकारी यंत्रणेने घरे बांधली तरी कामगारांच्या ओळखीच्या जाळ्यात ती आपोआप सामावली जात नाहीत, हे यातून दिसून येते.

१९३० च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क व मरीन ड्राइव्ह या भागांत नव्या इमारती उभ्या राहत होत्या. जागतिक मंदीचा तो काळ होता आणि मध्यमवर्गीय भाडेकरूला निवडीस वाव होता. इमारतीच्या दर्शनी भागावर ‘टू लेट’ अशी पाटी टांगलेली असे, हे जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत वारंवार येते. या पाटीचे महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. रस्त्याने जाणारा कोणीही ती वाचू शकत होता. मध्यस्थाची किंवा शिफारसपत्राची गरज निदान प्रथमदर्शनी नव्हती.

मात्र पाटी सर्वांना दिसत असली तरी दार सर्वांना उघडे नव्हते. याचे बोलके उदाहरण मुंबईबाहेरचे असले तरी येथे देणे आवश्यक आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेले, तेव्हा परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या या तरुणास तेथे राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांना राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्रानेही आसरा देण्याचे टाळले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मुंबईत त्यांचे दीर्घ वास्तव्य परळच्या पोयबावडी येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे खाजगी मालकाच्या नव्हे तर सार्वजनिक संस्थेच्या घरात होते, ही बाबही विचार करण्यासारखी आहे.

३. १९४७ चा कायदा आणि पाटीचे अदृश्य होणे

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९३९ व १९४४ च्या कायद्यांनंतर मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण कायदा, १९४७ अस्तित्वात आला. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत मानले आणि भाडेकरूस घराबाहेर काढण्याच्या कारणांवर कडक मर्यादा घातल्या. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना या संरक्षणाची निकड होती, हे नाकारता येत नाही. गिरणगावातील लाखो कुटुंबांना या कायद्यामुळे शहरात टिकून राहता आले.

परंतु हंगामी म्हणून आलेली व्यवस्था कायम झाली. घर एकदा भाड्याने दिले की ते परत मिळण्याची शाश्वती नाही आणि भाडेही वाढणार नाही, हे कळून चुकल्यावर मालकाने पाटी उतरविली. रिकामी झालेली जागा आता पागडी घेऊन दिली जाऊ लागली. कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरविले होते. म्हणून हा व्यवहार उघडपणे जाहीर करणे शक्यच नव्हते. जुना भाडेकरू नव्याकडून रक्कम घेई, मालक त्यातील ठरावीक हिस्सा, बहुधा एक-तृतीयांश, घेऊन भाडेपावती नव्या नावावर करून देई. या व्यवहारात दलाल अपरिहार्य ठरला. कोणती खोली निघणार आहे ही माहिती हीच त्याची मालमत्ता होती. अशा रीतीने पूर्वी चाळीतील मुकादमाकडे असलेली भूमिका इराण्याच्या हॉटेलात बसणाऱ्या दलालाकडे आली.

इमारतींची दुरवस्था हा या स्थितीचा दुसरा परिणाम होय. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाची योजना लागू झाली तेव्हा दक्षिण व मध्य मुंबईतील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. नवे भांडवल भाड्याच्या चाळीत न जाता मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळले. १९६३ चा सदनिका मालकीविषयक कायदा या बदलाचे द्योतक आहे.

४. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती

मालकी हक्काच्या सदनिका वाढल्यावर काही मालक आपली दुसरी सदनिका ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने देऊ लागले. यात भाडेपट्टा नसून केवळ वापराचा परवाना आहे, अशी कायदेशीर मांडणी होती. तथापि १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. त्यानंतरच्या करारांना हे संरक्षण नव्हते. तरीही मालकांची धास्ती कायम राहिली.

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींच्या भाषेत ही धास्ती उमटलेली दिसते. जाहिरातीचा दर शब्दांवर असल्याने प्रत्येक शब्द मोजून वापरला जाई आणि म्हणून त्यात जे उरे ते मालकाच्या दृष्टीने अत्यावश्यकच असे. ‘फक्त कंपनीस’, ‘बँक अधिकाऱ्यास’, ‘बदली होऊन आलेल्या कुटुंबास’ यांसारख्या अटींचा अर्थ, राहणारा माणूस ठरावीक काळाने निघून जाईल, एवढाच होता. ‘शाकाहारी कुटुंबास’ ही अट मात्र मुदतीशी संबंधित नव्हती; आहाराच्या नावाखाली जात व धर्म विचारण्याची ती सभ्य रीत होती. पुण्यात ‘सकाळ’मधील छोट्या जाहिराती आणि पेठांतील भिंतींवर चिकटविलेली ‘कॉट बेसिसवर जागा’ अशी पत्रके यांनी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी हेच कार्य केले.

५. नवा कायदा आणि नवी माध्यमे

१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठविण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे मत व्यक्त केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याने परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळविण्याची स्वतंत्र कार्यपद्धती सक्षम प्राधिकाऱ्याकडे ठेवली. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसल्यास, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराची जुनी सवय मात्र नोंदणी सक्तीची झाल्यावरही टिकून आहे.

मालकाची भीती कमी होताच जाहिरात पुन्हा उघड्यावर आली. २००५ मध्ये ‘नाइन्टीनाइन एकर्स’, २००६ मध्ये ‘मॅजिकब्रिक्स’ आणि २०१४ मध्ये दलालाविना व्यवहाराचा दावा करणारे ‘नोब्रोकर’ ही संकेतस्थळे सुरू झाली. छायाचित्रे, भाडे, अनामत रक्कम व नकाशा हे सर्व आता घरबसल्या दिसते. असे असले तरी २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार शहरी भारतातील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. याचा अर्थ, केवळ माध्यम बदलल्याने मालकाचा विश्वास परत येत नाही.

भेदभावाचा प्रश्नही मिटलेला नाही. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समान आर्थिक स्थितीतील दलित व मुस्लिम इच्छुकांना उच्चवर्णीयांच्या तुलनेत घर नाकारले जाण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. जाहिरात सर्वांसाठी होती. नाव कळल्यावर उत्तर बदलत होते. खाजगी घरभाड्यातील अशा नकारास थेट प्रतिबंध करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आजही नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थांची नोंदणी आणली, परंतु ती प्रकल्पांतील खरेदी-विक्रीपुरती आहे. भाड्याचा दलाल त्या कक्षेबाहेरच राहिला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, मालकास जागा परत मिळण्याची खात्री असते तेव्हा जाहिरात सार्वजनिक होते. ती खात्री नसते तेव्हा जाहिरात दलालाच्या कानात जाते. दुसरा असा की, भाडेकरूचे संरक्षण आत असलेल्या माणसासाठी जितके कडक झाले, तितकी बाहेर असलेल्या माणसाची वाट अवघड झाली. तिसरा असा की, खुली जाहिरात आवश्यक असली तरी पुरेशी नाही. पाटी वाचता येणे आणि घर मिळणे यांतील अंतर जात, धर्म व आडनाव यांनी व्यापलेले आहे.

घरमालकाने जाहिरात कोठे करावी, या प्रश्नाला इतिहासाच्या आधारे एवढे उत्तर देता येते : ती सर्वांना दिसेल अशा ठिकाणी करावी, अटी तेथेच स्पष्ट लिहाव्यात आणि आपल्या सुरक्षिततेसाठी ओळखीपेक्षा नोंदणीकृत करारावर विसंबावे. हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांपासूनही दूर नाही. खेड्यापाड्यांतून येणारा विद्यार्थी प्रवेश घेतो त्याच आठवड्यात खोलीच्या शोधात निघतो, आणि त्याला पहिला प्रश्न बहुधा आडनावाविषयीच विचारला जातो. महाविद्यालयाने परिसरातील रिकाम्या खोल्यांची नोंदवही ठेवली, त्यात केवळ भाडे, मुदत व सोयी यांचीच नोंद घेतली आणि ती सूचनाफलकावर लावली, तर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरलेली ती जुनी पाटी निदान एका ठिकाणी तरी पुन्हा लागेल.